रक्ताचा थेंब आणि सोन्याचे कण

मानवी शरीरातील रक्त, लघवी, लाळ, घाम, अश्रू आणि पेशींच्या मधल्या फटींतून झिरपणारा द्रव या सर्वांना मिळून जैवद्रव म्हणतात, आणि शरीराच्या आत काय चालले आहे याची बहुतेक रासायनिक माहिती वैद्यकाला याच द्रवांतून मिळते. ती मिळवण्यात दोन अडचणी आहेत. पहिली अडचण प्रमाणाची आहे. उपाशीपोटी असलेल्या निरोगी माणसाच्या एक लिटर रक्तात साधारण ०.७ ते १ ग्रॅम ग्लुकोज सापडते, तर हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण मानल्या जाणाऱ्या ट्रोपोनिन टी या प्रथिनाची धोक्याची रेषा अतिसंवेदनशील चाचणीत लिटरमागे १४ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्लुकोजच्या सुमारे सात कोटीव्या हिश्शाइतकी, धरली जाते. दुसरी अडचण गर्दीची आहे. ज्या पदार्थाचा शोध चालू आहे तो कधीच एकटा नसतो. रक्तद्रवाच्या एका लिटरमध्ये ६० ते ८० ग्रॅम प्रथिने असतात, त्यांच्या जोडीला क्षार, युरिया, युरिक आम्ल, क जीवनसत्त्व, घेतलेली औषधे आणि त्यांचे अवशेष असतात, आणि यांतले कितीतरी पदार्थ रासायनिक वागणुकीत एकमेकांच्या फार जवळचे असतात. हवा तो पदार्थ ओळखणे आणि बाकी सगळ्यांकडे दुर्लक्ष करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि संवेदकांच्या इतिहासात दुसरे काम पहिल्यापेक्षा नेहमीच जड गेलेले दिसते.

विद्युतरासायनिक संवेदक ही मोजणी इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीवरून करतो. अनेक पदार्थ योग्य परिस्थितीत इलेक्ट्रॉन देतात किंवा घेतात. देण्याला ऑक्सिडीकरण आणि घेण्याला क्षपण म्हणतात. द्रवात बुडवलेल्या वाहक पृष्ठभागाला, म्हणजे विद्युतअग्राला, ठरावीक विभव दिला की त्या विभवाला जे रेणू इलेक्ट्रॉन सोडू शकतात ते पृष्ठभागापाशी येऊन सोडतात आणि बाहेरच्या तारेतून तेवढा विद्युतप्रवाह वाहतो. विभवावरून पदार्थ कोणता याचा अंदाज येतो आणि प्रवाहावरून तो किती हे कळते. फॅरडेच्या नियमाने हा हिशेब काटेकोर ठरतो, कारण एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार ९६,४८५ कुलोम हा ठरलेला आहे. डेसिलिटरला ९० मिलिग्रॅम ग्लुकोज असलेल्या रक्ताचा एक मायक्रोलिटर, म्हणजे बोटाला सुई टोचल्यावर येणाऱ्या थेंबाचाही काही अंशच, घेतला तर त्यात जेमतेम ०.९ मायक्रोग्रॅम ग्लुकोज असते. प्रत्येक रेणूने दोन इलेक्ट्रॉन दिले तर एकूण प्रभार एक मिलिकुलोमच्या आसपास भरतो, आणि एवढा प्रभार हातात मावणारे, बॅटरीवर चालणारे साधे मंडलही नीट मोजू शकते. प्रकाशावर चालणाऱ्या उपकरणांना लागणारे दिवे, भिंगे आणि पारदर्शक नमुना यांतले काहीच इथे लागत नाही. गढूळ, तांबडे रक्त जसेच्या तसे चालते. घरोघरी पोचलेला साखर मापक बहुतांशी विद्युतरासायनिक असतो तो यामुळेच.

विभव बदलत नेत प्रवाह नोंदवण्याच्या तंत्राला व्होल्टामेट्री म्हणतात. तिचा पाया प्रागच्या यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की यांनी १९२२ साली घातला आणि त्यासाठी त्यांना १९५९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे विद्युतअग्र म्हणजे बारीक काचनळीतून थेंब थेंब गळणारा पारा. प्रत्येक थेंब गळून पडताच नवा थेंब, म्हणजे पूर्णपणे कोरा पृष्ठभाग, तयार होई आणि आधीच्या मोजणीचा मळ पुढच्या मोजणीला चिकटत नसे. पाऱ्याची ही सोय घन विद्युतअग्रांना नाही, आणि पुढे ज्यांचा विचार करायचा आहे अशा बऱ्याच अडचणींचे मूळ तिथेच आहे. आजच्या प्रयोगशाळेत सहसा तीन विद्युतअग्रे असतात : ज्याच्यावर अभिक्रिया घडते ते कार्यकारी, ज्याच्याशी तुलना करून विभव मोजतात ते चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचे संदर्भ, आणि मंडल पुरे करणारे, बहुधा प्लॅटिनमच्या तारेचे, सहायक. विभव हळूहळू वाढवत नेला की ज्या पदार्थाचे ऑक्सिडीकरण सुरू होते त्याचे शिखर आलेखावर उभे राहते. शिखराची जागा पदार्थाची ओळख सांगते आणि त्याची उंची प्रमाण सांगते.

ग्लुकोज मात्र साध्या कार्बनच्या पृष्ठभागावर सहजासहजी इलेक्ट्रॉन सोडत नाही. अमेरिकेतील लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ साली त्यावर मार्ग सुचवला. ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर, म्हणजे एकच विशिष्ट अभिक्रिया घडवून आणणारे प्रथिन, विद्युतअग्रासमोर पातळ पटलात अडकवून ठेवायचे, असा तो मार्ग. हे विकर इतर शर्करांना जवळजवळ हात लावत नाही. ते ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन काढून विरघळलेल्या ऑक्सिजनला देते, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते, आणि घटलेला ऑक्सिजन किंवा वाढलेले पेरॉक्साइड विद्युतअग्र मोजते. निवडीचे काम अशा रीतीने विकरावर सोपवले गेले, पण ते पूर्ण झाले नाही. नमुन्यातला ऑक्सिजन कमीजास्त झाला की आकडाही हलतो. शिवाय पेरॉक्साइड मोजण्यासाठी सुमारे ०.६ व्होल्टचा विभव लागत असल्याने त्या विभवाला सहज ऑक्सिडीकरण होणारे क जीवनसत्त्व, युरिक आम्ल आणि तापावर घेतलेले पॅरासिटामॉल हेही आपापला प्रवाह त्यात मिसळतात. १९८४ साली ब्रिटनमधील संशोधकांनी ऑक्सिजनऐवजी फेरोसीन हे लोहयुक्त संयुग वापरले. विकराकडून इलेक्ट्रॉन घेऊन विद्युतअग्राला पोचवणाऱ्या अशा संयुगाला मध्यस्थ म्हणतात, आणि तो कमी विभवाला काम करत असल्यामुळे इतरांची लुडबुड बरीच घटते. याच संशोधनातून १९८७ मध्ये पेनाएवढा मापक बाजारात आला.

मात्र विकराची निवडही सावधपणे करावी लागते. काही पट्ट्यांमध्ये ऑक्सिजनचा उपद्रव टाळण्यासाठी ग्लुकोज डिहायड्रोजिनेज हे दुसरे विकर पायरोलोक्विनोलिन क्विनोन या सहघटकासह वापरले जाई. या विकराला ग्लुकोज आणि माल्टोज यांतला फरक नीट कळत नाही. मूत्रपिंडे निकामी झालेल्या काही रुग्णांचे रक्त पोटाच्या पडद्याच्या आधारे शुद्ध करताना आयकोडेक्स्ट्रिन नावाचे द्रावण वापरतात आणि शरीरात त्याचे विघटन होऊन माल्टोज बनते. त्यामुळे साखर प्रत्यक्षात कमी असतानाही पट्टी ती चढलेली दाखवी, त्या आकड्यावर विसंबून इन्शुलिन दिले जाई, आणि यातून मृत्यूही झाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली याबाबत जाहीर इशारा दिला. संवेदक संवेदनशील असण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तो निवडक असणे का महत्त्वाचे आहे हे या घटनांतून दिसते, आणि नॅनोकणांवरील संशोधनाची पारखही याच कसोटीवर व्हायला हवी.

साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. या कणांचा शास्त्रीय अभ्यास नवा नाही. मायकल फॅरडे यांनी १८५७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचे माणकासारखे लाल द्रव मांडले आणि त्या रंगाचे कारण कणांचा बारीकपणा हेच आहे असे प्रतिपादन केले. आज सर्वाधिक वापरली जाणारी कृती जॉन टर्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये बारकाईने अभ्यासली. क्लोरोऑरिक आम्लाचे विरळ, फिकट पिवळे द्रावण उकळत ठेवून त्यात सोडियम सायट्रेट घालतात. द्रावण आधी रंगहीन होते, मग त्यावर करडी-निळसर छटा येते, ती जांभळी होत जाते आणि काही मिनिटांत सगळा द्रव गडद लाल होतो. सायट्रेट इथे दोन कामे करते : ते सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन देऊन धातू बनवते, आणि बनलेल्या कणांभोवती ऋणप्रभारित आवरण धरते, ज्यामुळे कण एकमेकांना दूर ढकलत द्रवात तरंगत राहतात. अशा रीतीने मिळणारे कण साधारण १५ ते २० नॅनोमीटरचे असतात. सायट्रेटऐवजी वनस्पतींच्या अर्काने कण बनवण्याच्या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा वाटा मोठा आहे. तिथे मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्यातून सोने आणि चांदीचे कण तयार झाल्याचे २००४ साली प्रसिद्ध केले. कृती सौम्य असली तरी अर्कातले अनेक पदार्थ कणांवर चिकटून राहतात, आणि विद्युतअग्राच्या दृष्टीने ही बाब गौण नाही, कारण मोजायचा रेणू सोन्याला भिडण्याआधी या आवरणाला भिडतो.

नॅनोकणांची महती सांगताना पृष्ठफळाचा हिशेब सर्वांत आधी मांडला जातो. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. तोच घन १० नॅनोमीटर बाजूच्या घनांत चिरला तर एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होते. हा हिशेब खरा आहे, पण त्यावरून विद्युतअग्रावर कण पसरले की प्रवाह त्याच पटीत वाढतो असे समजणे चुकीचे ठरते. ज्या पदार्थाचे ऑक्सिडीकरण झटपट होते त्याचे रेणू पृष्ठभागापर्यंत किती वेगाने सरकत येतात, म्हणजे त्यांचे विसरण किती वेगाने होते, यावर प्रवाह अवलंबून असतो. काही सेकंदांच्या मोजणीत पृष्ठभागालगतचा रिता होत जाणारा थर मायक्रोमीटरच्या मापाचा असतो, तर कणांमधली अंतरे नॅनोमीटरच्या मापाची. त्यामुळे येणाऱ्या रेणूला कणांचे चढउतार जाणवतच नाहीत आणि सपाट चकतीएवढाच प्रवाह मिळतो. उलट, पृष्ठभागावर आयन गोळा झाल्याने वाहणारा पार्श्वप्रवाह खऱ्या पृष्ठफळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे नुसत्या पृष्ठफळाने कित्येकदा संदेशापेक्षा गोंगाटच वाढतो. जिथे अभिक्रिया मुळात मंद असते किंवा रेणू आधी पृष्ठभागावर चिकटून जमतात तिथे मात्र वाढीव पृष्ठफळाचा खरा फायदा होतो. विकराशिवाय थेट सोन्यावर, प्लॅटिनमवर किंवा अल्कधर्मी द्रावणात निकेल आणि तांब्याच्या ऑक्साइडवर ग्लुकोज मोजण्याचे प्रयत्न याच जातीचे आहेत.

कणांचे याहून मोलाचे काम उत्प्रेरकाचे आहे, आणि ते डोपामिनच्या उदाहरणात चांगले पाहता येते. डोपामिन हा मेंदूतला चेतासंदेशवाहक, म्हणजे एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारा रेणू. पार्किन्सनच्या विकारात तो बनवणाऱ्या पेशी नष्ट होत जातात. तो दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन सोडून क्विनोनमध्ये बदलतो, त्यामुळे विद्युतअग्राने मोजायला तो आदर्श वाटतो. पण मेंदूच्या पेशीबाह्य द्रवात क जीवनसत्त्व, म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, डोपामिनच्या हजारो पट असते, आणि साध्या कार्बनवर दोघांचे ऑक्सिडीकरण जवळजवळ एकाच विभवाला होते. ढोलताशांच्या गजरात बासरीचा सूर वेगळा काढावा तसे हे काम आहे. १९७३ साली कॅन्सस विद्यापीठात राल्फ अ‍ॅडम्स यांच्या गटाने उंदराच्या मेंदूत कार्बनचे विद्युतअग्र बसवून प्रवाह नोंदवला, आणि तो मुख्यतः क जीवनसत्त्वाचा होता हे पुढील संशोधनात स्पष्ट झाले. घोळ एवढ्यावर थांबत नाही. डोपामिनपासून बनलेल्या क्विनोनला क जीवनसत्त्व पुन्हा इलेक्ट्रॉन देते, त्याचे परत डोपामिन होते आणि तोच रेणू विद्युतअग्रावर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मोजला जातो. दोघांचे प्रवाह मिसळतात आणि वर डोपामिनचा आकडा फुगतो.

यातून बाहेर पडण्याची एक वाट प्रभाराची आहे. शरीरातल्या ७.४ या सामूला डोपामिनवर धनप्रभार असतो, तर क जीवनसत्त्वावर आणि युरिक आम्लावर ऋणप्रभार. नॅफिऑन या ऋणप्रभारित बहुवारिकाचे पातळ पटल विद्युतअग्रावर चढवले की ते डोपामिनला आत ओढते आणि इतर दोघांना बाहेर ठेवते. अ‍ॅडम्स यांच्याच गटाने १९८४ साली हा उपाय पुढे आणला आणि तो आजही वापरात आहे. दुसरी वाट सोन्याच्या नॅनोकणांची. त्यांच्या पृष्ठभागावर क जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीकरण अधिक वेगाने, म्हणून कमी विभवाला, होते, आणि त्याचे शिखर आलेखावर डावीकडे सरकते. डोपामिनचे शिखर ०.२ व्होल्टच्या आसपास राहते आणि युरिक आम्लाचे त्याच्याही उजवीकडे. जिथे आधी एकच पसरट उंचवटा दिसत होता तिथे तीन सुटी शिखरे दिसू लागतात. शिवाय डोपामिनचे ऑक्सिडीकरण सुरू होण्याआधीच पृष्ठभागालगतचे क जीवनसत्त्व संपलेले असल्याने क्विनोनला परत फिरवणारे तिथे फारसे कोणी उरत नाही. नॅनोकणांनी इथे संदेश मोठा केला यापेक्षा तीन संदेश वेगळे केले हे अधिक महत्त्वाचे आहे. संधिवाताच्या तपासणीत युरिक आम्ल मोजतानाही हीच गोष्ट उपयोगी पडते, कारण रक्तजलात पुरुषांमध्ये त्याची नेहमीची पातळी डेसिलिटरला साधारण ३.५ ते ७.२ मिलिग्रॅम असते आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णात दोघांची सरमिसळ निदान बिघडवू शकते.

कणांचे तिसरे काम पुलाचे. ग्लुकोज ऑक्सिडेजच्या रेणूत इलेक्ट्रॉन ज्या सहघटकावर जमा होतात तो फ्लॅव्हिन घटक प्रथिनाच्या जाड वेटोळ्यांत आत दडलेला असतो. विद्युतअग्रापर्यंत इलेक्ट्रॉनाची उडी अंतर वाढेल तशी घातांकी वेगाने अवघड होत जाते, म्हणून विकर विद्युतअग्राला चिकटवले तरी थेट देवघेव होत नाही आणि मध्यस्थ लागतो. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात इटामार विलनर यांच्या गटाने २००३ साली या अडचणीवर एक अत्यंत देखणा उपाय केला. त्यांनी विकरातून फ्लॅव्हिन घटक काढून टाकला, १.४ नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणाला तोच घटक जोडला आणि त्याच्याभोवती रिकामे विकर पुन्हा बसवले. मग हा कण लहानशा रेण्वीय दुव्याने सोन्याच्या विद्युतअग्राला जोडला. अशा रीतीने तार थेट प्रथिनाच्या गाभ्यात पोचली. या जोडणीतून सेकंदाला सुमारे ५,००० इलेक्ट्रॉन वाहू लागले, तर नैसर्गिक अवस्थेत ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देण्याचा याच विकराचा वेग सेकंदाला सुमारे ७०० आहे. रोजच्या वापरातल्या पट्टीत ही रचना उतरवणे खर्चाचे आणि किचकट आहे, तरी कण कुठे ठेवला आहे याला तो किती आहे याहून जास्त महत्त्व असते हे या प्रयोगाइतके स्पष्ट दाखवणारे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

ट्रोपोनिनसारखी प्रथिने मात्र स्वतः इलेक्ट्रॉन देत नाहीत, आणि त्यांचे प्रमाण इतके कमी असते की दिले असते तरी ते मोजणे अशक्यच. तिथे कण खुणेचे काम करतो. विद्युतअग्रावर बसवलेले प्रतिपिंड त्या प्रथिनाला धरते, त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या बाजूला सोन्याचा कण बांधलेले दुसरे प्रतिपिंड येऊन चिकटते, आणि न चिकटलेले सगळे धुऊन काढले जाते. उरलेले सोने आम्लात विरघळवून मोजले की प्रथिन किती होते ते कळते. यातली वाढ प्रचंड आहे : ४० नॅनोमीटरच्या एका कणात सोन्याचे सुमारे २० लाख अणू असतात, म्हणजे एका प्रथिनामागे मोजायला लाखो आयन मिळतात. फ्रान्समधील संशोधकांनी २००० साली ब्रोमीनयुक्त आम्लात कण विरघळवून आणि मग सोने विद्युतअग्रावर साठवून ही पद्धत सिद्ध केली. ब्रोमीन विषारी असल्याने पुढे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात थेट विद्युतप्रवाहानेच कणांचे ऑक्सिडीकरण करण्याचे प्रकार रूढ झाले. गर्भधारणेच्या घरगुती चाचणीत अनेकदा दिसणारी तांबडी रेघ अशाच सोन्याच्या कणांची असते, पण ती रेघ डोळ्यांना आहे की नाही एवढेच सांगते. विद्युतरासायनिक मोजणी किती आहे हेही सांगते.

प्रयोगशाळेत असे विद्युतअग्र कसे तयार होते हे जवळून पाहिले की त्यातली ताकद आणि उणीव दोन्ही कळतात. तीन मिलिमीटर व्यासाची काचसदृश कार्बनची चकती ओल्या मऊ कापडावर ०.०५ मायक्रोमीटरच्या अ‍ॅल्युमिना भुकटीने इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरवत घासतात, म्हणजे एकाच दिशेचे ओरखडे पडत नाहीत; मग ती पाण्यात स्वनातीत लहरींनी धुतात आणि आरशासारखी झाली की तिच्यावर कणांच्या द्रावाचा पाचेक मायक्रोलिटरचा थेंब सोडून सुकू देतात. थेंब सुकताना आतला द्रव कडेकडे वाहतो आणि कण कडेला कड्याच्या रूपात साठतात, मधला भाग विरळ राहतो. एकाच हाताने एकाच दिवशी केलेली दोन विद्युतअग्रेही त्यामुळे सारखी निघतीलच असे नाही. सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात ऋण विभव देऊन कण थेट पृष्ठभागावर वाढवले तर थर अधिक एकसारखा येतो, आणि कापडावर जाळीने छपाई करतात त्याच पद्धतीने कण मिसळलेली कार्बनची शाई प्लास्टिकच्या पट्टीवर छापली तर हजारो पट्ट्या एका घडणीच्या मिळतात. संशोधन निबंधात पहिली पद्धत फार दिसते, कारखान्यात तिसरी. दोहोंमधले अंतर ओलांडताना अनेक नावाजलेले संवेदक मागे पडतात.

त्याहून मोठे अंतर आहे ते बफर आणि रक्त यांच्यामधले. बफर म्हणजे सामू स्थिर ठेवणारे, क्षार सोडून दुसरे काही नसलेले स्वच्छ द्रावण, आणि बहुसंख्य संवेदकांची किमान मोजमर्यादा त्यातच ठरवलेली असते. पूर्ण रक्तात विद्युतअग्र बुडवले की काही मिनिटांत प्रथिनांचा थर त्याच्यावर बसतो, रेणूंची वाट अडते आणि प्रवाह घसरू लागतो. डोपामिनच्या मोजणीत तर त्याचे स्वतःचे ऑक्सिडीकरण झालेले अवशेष एकमेकांना जोडले जाऊन काळसर, चिवट पटल तयार करतात. हे टाळण्यासाठी कित्येक निबंधांत लघवी किंवा रक्तजल बफरमध्ये पन्नास-शंभर पट पातळ केले जाते, त्यात ठरावीक मात्रेत पदार्थ बाहेरून मिसळला जातो आणि तो जवळजवळ शंभर टक्के परत मोजला गेला म्हणून संवेदक खऱ्या नमुन्यात चालतो असा निष्कर्ष काढला जातो. ही कसोटी अपुरी आहे. पातळ केल्याने अडथळेही पातळ होतात, आणि रुग्णाच्या शरीरात तो पदार्थ मूळचा जितका असतो तितका मोजणे आणि आपणच घातलेला परत मोजणे यांत बराच फरक आहे. पिकोमोलची मोजमर्यादा छापण्यापेक्षा पन्नास रुग्णांच्या न पातळ केलेल्या नमुन्यांची रुग्णालयाच्या प्रमाणित पद्धतीशी तुलना करणे अधिक कष्टाचे आहे, पण उपयोगी तेच आहे. घरगुती साखर मापकांना ही शिस्त आधीच लागू आहे : २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमखालील पातळीला किमान ९५ टक्के आकडे खऱ्या मूल्यापासून १५ मिलिग्रॅमच्या आत आणि त्यावरील पातळीला १५ टक्क्यांच्या आत यावे लागतात. ज्या देशात मधुमेहींची संख्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार १० कोटींवर आहे, तिथे या मानकाचा अर्थ फार व्यवहारी आहे. त्यात हवामानाचीही भर पडते; पट्टीवरचे विकर आणि मध्यस्थ दमट हवेत खराब होतात, म्हणून डबीच्या झाकणात किंवा भिंतीत ओल शोषणारा पदार्थ भरलेला असतो, आणि कोकणातल्या पावसाळ्यात डबी उघडी राहिली तर उत्तम घडणीची पट्टीही चुकीचा आकडा देऊ शकते.

सुई न टोचता घाम, लाळ किंवा अश्रूंतून मोजणी करण्याची ओढ स्वाभाविक आहे, आणि नॅनोकणांनी मिळणारी संवेदनशीलता इथे कामी येते, कारण घामातले ग्लुकोज रक्तातल्यापेक्षा शंभरेक पटीने कमी असते. तरीही संवेदकाची क्षमता आणि द्रवाची विश्वासार्हता या वेगळ्या गोष्टी आहेत. अश्रूंतले ग्लुकोज मोजणारे डोळ्यावरचे भिंग गुगलने जानेवारी २०१४ मध्ये जाहीर केले, पुढे ते काम व्हेरिली या भगिनी कंपनीकडे गेले, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये ते थांबवण्यात आले. अश्रूंतल्या आणि रक्तातल्या ग्लुकोजचा संबंध पुरेसा स्थिर आढळला नाही, हे त्याचे मुख्य कारण सांगितले गेले. अश्रू उत्तेजनेने आले की आपोआप, घाम व्यायामाने आला की उकाड्याने, यावर त्यांतले प्रमाण बदलते, आणि हा बदल कितीही बारीक कणांनी दुरुस्त होत नाही. त्वचेखालच्या पेशीबाह्य द्रवात बारीक तार ठेवून सतत साखर मोजणारे संवेदक यशस्वी झाले, कारण तो द्रव रक्ताच्या मागोमाग पाच-दहा मिनिटांच्या फरकाने का होईना, पण नेमाने चालतो.

प्रथिनांच्या थराविरुद्धचा लढा अजून चालू आहे, आणि त्यातला एक उपाय प्रथिनांनाच हाताशी धरतो. हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘वीस’ (Wyss) या संस्थेत डोनाल्ड इंगबर यांच्या गटाने २०१९ साली गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन ग्लुटाराल्डिहाइडने एकमेकांत गुंफून त्याचा सच्छिद्र लेप विद्युतअग्रावर चढवला आणि त्यात सोन्याच्या नॅनोतारा पसरल्या. अल्ब्युमिनने आधीच व्यापलेल्या पृष्ठभागाला रक्तातली इतर प्रथिने चिकटू शकत नाहीत, छिद्रांतून लहान रेणू आत जातात, आणि एरवी वीजरोधक ठरणाऱ्या या थरातून इलेक्ट्रॉन सोन्याच्या तारांवरून विद्युतअग्रापर्यंत पोचतात. न पातळ केलेल्या, कुठलीही प्रक्रिया न केलेल्या मानवी रक्तद्रवात एक महिना राहिल्यावरही अशा विद्युतअग्रांनी आपल्या मूळ संदेशाचा ८८ टक्के भाग टिकवून ठेवला. त्याच संशोधनमार्गावर पुढे सोन्याच्या तारांच्या जागी ग्राफीनचे पापुद्रे आले आणि लेपाचा खर्च खाली आला.